सब्र कुणी करायचा?

२०१६ च्या पावसाळ्यात एका पहाटे, फजरच्या नमाजसाठी वजू करताना अब्बांच्या उजव्या हातातून बधना निसटला. त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला, तो पुन्हा पडला. अम्मीने विचारले, "क्या हुआ?" अब्बांनी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि शब्दच आला नाही. आम्ही भावंडांनी आधी वात समजून हाताला तेल चोळले. शेजारच्या एकाने कबुतराचे रक्त लावायला सांगितले. मग गाडी शोधली. मिरजेला पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. मेंदूतील गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे आम्हाला तिथे समजले. ते साडेचार तास आम्ही तेल चोळण्यात घालवले होते. हा सल आमच्या मनात अजून आहे आणि तो लपवून पुढचे लिहिणे आम्हाला बरोबर वाटत नाही.

अब्बांनी चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवले. तासगाव तालुक्यातील चार-पाच गावांत त्यांना सारे 'गुरुजी' म्हणूनच ओळखतात. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकलेले बरेचसे समजत होते, पण बोलता येत नव्हते. याला वैद्यकात वाचाघात म्हणतात. बहुतेक माणसांत भाषेचे काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालते आणि उजव्या हातापायाचा कारभारही तीच बाजू पाहते. म्हणून उजवे अंग आणि बोली ही दोन्ही पुष्कळदा एकत्रच जातात.

घरी आणल्यावर अकराव्या दिवशी थोरल्या भावाने त्यांच्या उशाशी बसून दम करण्यासाठी मोठ्याने सूरह फातिहा सुरू केली. दुसऱ्या आयतीपासून एक घोगरा आवाज त्याच्या आवाजात मिसळला. अब्बा पढत होते! एकही अक्षर न चुकता ते 'आमीन'पर्यंत गेले. अम्मी रडू लागली. तासाभरात मोहल्ल्यात बातमी पसरली. ज्या जिभेला पाणी मागता येत नाही ती अल्लाहचे कलाम पढते! लोक येऊन त्यांचा हात हातात घेऊ लागले. कुणी करिश्मा म्हणाले, कुणी म्हणाले, हे उम्रभरच्या नमाजचे फळ.

चार दिवसांनी मामू आले. दोन हज केलेले, मोहल्ल्यात मान असलेले. ते पलंगाजवळ बसून नेहमीप्रमाणे समजावू लागले, "सब्र करो गुरुजी. शुक्र करो, इससे बुरा भी हो सकता था." अब्बांचा चेहरा लाल झाला. त्यांनी डावा हात उचलला आणि एक शिवी दिली. अगदी स्पष्ट, खणखणीत. अशी शिवी आम्ही त्यांच्या तोंडून आयुष्यात ऐकली नव्हती. मामू उठले आणि चहा न घेता गेले. त्या संध्याकाळी कुणी करिश्म्याचे नाव काढले नाही.

हा लेख त्या दोन घटनांविषयी आहे. एकाच तोंडातून चार दिवसांच्या अंतराने फातिहा आली आणि शिवीही आली. पहिली ऐकून आपण माणसाला वली ठरवायचे आणि दुसरी ऐकून त्याच्यापासून तोंड फिरवायचे, हा न्याय आहे का?

वाचोपचार करणाऱ्या बाईंना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांना यात आश्चर्य वाटले नाही. त्यांनी अब्बांना चार बोटे दाखवून विचारले, "किती?" उत्तर नाही. मग त्या "एक, दोन" म्हणाल्या, तर अब्बा सरळ दहापर्यंत मोजत गेले. "बे एके बे" म्हणताच बेचा पाढा पुरा झाला. बाईंनी समजावले की भाषा मेंदूत एकाच कप्प्यात ठेवलेली नसते. विचार करून, निवडून बोलायचे शब्द वेगळे, आणि हजारदा म्हणून पाठ झालेले शब्द वेगळे. मोजणी, पाढे, प्रार्थना, गाणी, सलाम आणि शिव्या या दुसऱ्या जातीच्या आहेत. निवडीची वाट खचली तरी पाठांतराची वाट पुष्कळदा शाबूत राहते.

ही गोष्ट जुनीच आहे. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील रुग्णालयात पॉल ब्रोका या डॉक्टरांनी एका रुग्णाला तपासले. तो वीस वर्षांहून अधिक काळ तिथे होता आणि कोणत्याही प्रश्नाला 'तां' एवढेच उत्तर देत असे. लोक त्याला त्याच नावाने हाक मारीत. फक्त संतापला की त्याच्या तोंडून एक शिवी बाहेर पडे, आणि त्या शिवीत देवाचे नाव होते. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोकांनी मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातली इजा दाखवून दिली. वाचेच्या शास्त्राची सुरुवात अशी एका मुक्या माणसाच्या शिवीजवळ झालेली आहे. पुढे इंग्लंडमध्ये ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी आपोआप येणारे बोलणे आणि हेतूने केलेले बोलणे यांतला फरक सविस्तर मांडला.

शास्त्राने 'कसे' याचे उत्तर दिले. 'मग काय' याचे उत्तर आपले आपल्यालाच शोधावे लागते.

आम्ही आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारले. ते म्हणाले, नियतची जागा दिल आहे, जबान ही दिलाची साक्षीदार. जी जबान मालकाच्या हुकमात नाही तिची साक्ष घ्यायची कशाला? आपल्या फिकहमध्येही हेच तत्त्व आहे. मुक्या माणसाचा इशारा निकाहसारख्या व्यवहारातही मानला जातो, कारण त्याचा इरादा त्यातून कळतो. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर पडून नमाज पढण्याची मुभा आहे. जिथे शक्ती संपते तिथे जबाबदारीही कमी होते.

हे मानले तर हिशेब दोन्हीकडे सारखाच करावा लागेल. शिवीमागे इरादा नव्हता म्हणून ती गुनाह नाही, हे आपल्याला चटकन पटते. पण मग त्या दिवशीची फातिहाही इराद्याशिवाय आली असेल तर तिला करिश्मा म्हणता येणार नाही. आम्ही हे बोललो तेव्हा अम्मीचा चेहरा पडला. तिने विचारले, "तो क्या वो दुआ नहीं थी?"

तिच्या या प्रश्नावर आम्ही बरेच दिवस विचार केला. दिवसाच्या फर्ज रकाती सतरा. प्रत्येक रकातीत फातिहा. वर्षाला सहा हजार दोनशे पाच. पन्नास वर्षांत तीन लाखांहून अधिक, आणि त्यात सुन्नत व वित्र धरलेलेच नाहीत. त्या प्रत्येक वेळी अब्बा थंडीत उठले होते, शाळेतून थकून आले होते, शेतातले काम टाकून आले होते. प्रत्येक वेळी त्यांनी ठरवले होते. अकराव्या दिवशी जी फातिहा बाहेर आली तिला त्या दिवशीचा इरादा लागलाच नसेल कदाचित, पण तिच्या मागे तीन लाख इरादे होते. सवय म्हणजे साठवलेला इरादाच. म्हणून अम्मीला आम्ही सांगितले, दुआ होती, फक्त ती त्या दिवशीची नव्हती, आयुष्यभराची होती.

आणि शिवी? तीही कुठून तरी आलीच असणार. लहानपणी बैलामागे चालताना ऐकलेली, तरुणपणी रागात ओठांपर्यंत येऊन गिळलेली. ती आपल्या सगळ्यांच्या आत आहे. चांगला माणूस म्हणजे जिच्या मनात शिवी नाही अशी व्यक्ती, ही आपली समजूत भाबडी आहे. अब्बांनी साठ-पासष्ट वर्षे ती दाराशी अडवून धरली, हीच त्यांची कमाई. आजाराने दारावरचा पहारेकरी आडवा केला म्हणून घरमालकाला दोष देता येत नाही. मामूंना हे समजायला दीड महिना लागला. ते परत आले आणि यावेळी काहीही न समजावता बसून राहिले.

अब्बांचा निवडून उच्चारलेला पहिला शब्द कोणता? तो ऐकला तेव्हा फातिहाच्या वेळेपेक्षा जास्त गोंधळ झाला. एका जुमेरातीला नात्यातल्या तीन-चार बायका आल्या, पलंगाभोवती बसल्या आणि त्यांनी सूरह यासीन पढायला सुरुवात केली. मनात खोट नव्हती. यासीन शिफेसाठीही पढतात, अडचण दूर व्हावी म्हणूनही पढतात. पण आपल्या घरांमध्ये ती सगळ्यांत जास्त कुठे ऐकू येते? ज्याचा दम निघत नाही त्याच्या उशाशी. अब्बांनी स्वतः कितीतरी उशांशी बसून ती पढली होती. त्यांनी डोळे मोठे केले, मान हलवली आणि म्हणाले, "नको."

एक बाई कुजबुजली, "तौबा, कुराण नको म्हणतात!" आम्हीही क्षणभर गडबडलो. मग धाकट्या बहिणीने त्यांचा हात धरून विचारले, "अब्बा, आपको लगा हम आपको रुखसत कर रहे?" त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि ते रडू लागले. अल्लाहच्या कलामाला त्यांनी नाकारलेले नव्हते. आमच्या घाईला नाकारले होते. ते जगायच्या तयारीत होते आणि आम्ही त्यांच्या मरणाची तयारी त्यांच्यासमोर करीत होतो. आजाऱ्यासाठी जे करतो ते त्याच्यापर्यंत कसे पोहोचते, हे आपण विचारतो का? आपली नेकी आपल्या हिशेबात जमा होते आणि भीती मात्र त्याच्या वाट्याला जाते.

तो शब्द मराठी होता याचीही चर्चा झाली. घरात आम्ही दखनी बोलतो. "गुरुजी मादरी जबान भूल गए" असे कुणी तरी म्हणालेच. अनेक भाषा जाणणाऱ्या माणसाची कोणती भाषा आधी परततेे याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये दोन मते होती. रिबो म्हणत, सगळ्यांत आधी शिकलेली. पित्र म्हणत, आजाराआधी सगळ्यांत जास्त वापरलेली. पुढच्या अनुभवातून असा एकच नियम निघाला नाही. आम्हाला एवढेच कळते की अब्बांच्या आत दुआची अरबी होती, अम्मीशी बोलायची दखनी होती, आणि चौतीस वर्षे वर्गात उभे राहून चूक-बरोबर सांगायची मराठी होती. नकार द्यायची वेळ आली तेव्हा गुरुजींची भाषा आली. त्यात कोणाची भाषा हरली नाही. बाईंनीही सांगितले, एकही भाषा बंद करू नका, ज्या भाषेत हा माणूस जगला त्या सगळ्या त्याच्या कानावर पडू द्या.

आता रडण्याविषयी. अब्बा फार रडू लागले होते. जुना विद्यार्थी पाया पडायला आला की रडायचे, टीव्हीवर जाहिरात लागली तरी रडायचे. एकदा एका मयतीची बातमी ऐकून त्यांना हसू आले आणि ते थांबेना. येणारा प्रत्येक जण म्हणे, "मर्द होके रोते क्या? सब्र करो." डॉक्टरांनी आम्हाला दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. मेंदूला इजा झाल्यामुळे रडण्या-हसण्यावरचा ताबा सुटतो. त्यात दुःख असेलच असे नाही, आणि त्यावर उपदेश करून उपयोग नाही. विषय बदलावा, पाणी द्यावे, ओघ ओसरतो. दुसरी गोष्ट म्हणजे खरे नैराश्य. लकव्यातून वाचलेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला ते गाठते. झोप जाते, भूक जाते, व्यायाम नको वाटतो, कुणी येऊ नये असे वाटते. अब्बांच्या बाबतीत दोन्ही होते. फिजिओथेरपीचा माणूस आला की ते भिंतीकडे तोंड करून पडत. आम्ही त्याला हट्ट समजत होतो. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो. ते महिने नैराश्यात गेले तर हातपायही मागे राहतात. डॉक्टरांनी मनासाठीही गोळी लिहून दिली.

त्या गोळीवरून घरात वाद झाला. रक्तदाबाची गोळी चालते, साखरेची चालते, मनाची गोळी म्हटली की ईमानची कमजोरी कशी होते? फुफी म्हणाल्या, मन का मरज दुआ से जाता. आम्ही त्यांना इमाम गझाली यांची आठवण दिली. हिजरी ४८८ च्या रजब महिन्यात, म्हणजे १०९५ साली, बगदादच्या निजामिया मदरशात शिकवणाऱ्या या सर्वांत मोठ्या आलिमाची जीभ बंद झाली. शिष्य समोर बसलेले आणि एक शब्द निघेना. घास उतरेना. हे त्यांनी स्वतःच्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. हकीम म्हणाले, दुखणे दिलातून शरीरात उतरले आहे, मनातली घालमेल शमल्याशिवाय इलाज चालणार नाही. त्या हकिमांनी गझालींच्या ईमानवर शंका घेतली नाही. तो लकवा नव्हता, ही वाट उलटी होती. पण मन आणि जीभ एकाच घरात राहतात, हे आपल्या हकिमांना नऊशे वर्षांपूर्वी ठाऊक होते. दवा करा ही तर आपल्या नबींची शिकवण आहे. त्यातून मनाला वगळलेले आमच्या वाचनात नाही.

आणि सब्र म्हणजे न रडणे, हे तरी कुठून आले? हजरत याकूब यांच्या सब्रला कुराणाने सुंदर म्हटले जाते, आणि त्याच सूरह यूसुफमध्ये मुलासाठी रडून त्यांचे डोळे पांढरे झाल्याचेही सांगितले आहे. आपले नबी आपल्या लेकराच्या, इब्राहीमच्या, मृत्यूवेळी रडले. सोबत्यांना नवल वाटले तेव्हा त्यांनी त्या अश्रूंना रहमत म्हटले. मग आम्ही आमच्या बापाच्या अश्रूंना कमजोरी म्हणणारे कोण? आम्हाला आता असे वाटते की "सब्र करा" हे वाक्य आपण पुष्कळदा आजाऱ्यासाठी बोलतच नाही. त्याचे रडणे आपल्याला सोसवत नाही, म्हणून बोलतो. सब्र आपला संपलेला असतो आणि मागतो त्याच्याकडे.

या सगळ्यात एक माणूस आमच्या नजरेतून सुटले होते. रात्री कुशीवर वळवणे, कपडे बदलणे, भरवणे, सारे अम्मी करीत होती. येणारे म्हणत, काय सब्र आहे हिचा! आम्हीही मान डोलवत होतो. चौथ्या महिन्यात एका दुपारी ती परसातल्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "मेरा भी आदमी बीमार है. मुझे कोई पूछा क्या?" आमच्या तोंडून शब्द निघाला नाही. आपल्या समाजात खिदमत हा शब्द गोड आहे, पण तो बाईच्याच नावावर लिहिलेला आहे. तिच्या सब्रची तारीफ करणे हा तिला मदत न करण्याचा सोपा मार्ग होता. त्या दिवसापासून रात्री वाटून घेतल्या. भावांनीही अंग पुसायला शिकून घेतले. बापाचे अंग पुसताना पहिल्यांदा जी लाज वाटली ती त्यांनाही वाटत होती. दोघांनी ती झेलली.

अब्बांना गोळीने झोप दिली, व्यायामाने पाय दिला. पण त्यांना पलंगातून खरे उठवले ते एका वहीने. नातीची शुद्धलेखनाची वही उशाशी राहिली होती. वाचणे त्यांना पूर्वीसारखे जमत नव्हते, तरी त्यांनी डाव्या हाताने एका शब्दावर बोट ठेवले आणि मान हलवली. 'आशिर्वाद'मधली शि ऱ्हस्व होती. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना लाल पेन दिले. मोहल्ल्यातील चार मुले वह्या घेऊन येऊ लागली. काही चुका त्यांच्या नजरेतून निसटत, पण त्याने काही बिघडत नव्हते. स्वीडनचे कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांना १९९० मध्ये असाच झटका आला होता. वाचा गेली, उजवा हात गेला. ते डाव्या हाताने पियानो वाजवत राहिले, कविता प्रसिद्ध करीत राहिले, आणि २०११ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बोलणे त्यांना पूर्ण परत मिळाले नाही, पण ते देणारे राहिले. आपल्याकडे देणाऱ्या हाताला घेणाऱ्या हाताच्या वर मानले आहे. आजाऱ्याला आपण केवळ घेणारा करून टाकतो. पाणी घ्या, गोळी घ्या, दुआ घ्या. त्याच्याकडून काही मागावे, हे आपल्या मनातही येत नाही.

अब्बा आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. उजवा हात परतला नाही. बोलायला शंभर-दीडशे शब्द आहेत, त्यातला 'नको' सगळ्यांत पक्का. जुम्याला मशिदीत मागच्या सफीत खुर्चीवर बसून नमाज पढतात. मनात काय पढतात ते त्यांना आणि अल्लाहला ठाऊक.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका शिंप्याला लकवा झाला. अब्बांनी काठी उचलली आणि दाराकडे बोट केले. आम्ही त्यांना घेऊन गेलो. ते पलंगाजवळ बसले, त्या माणसाचा न हलणारा हात आपल्या डाव्या हातात घेतला. सब्र करा म्हणाले नाहीत. तो रडू लागला तेव्हा त्यांनी त्याला रडू दिले. दहा मिनिटांनी आम्हाला खूण केली, उठले आणि निघालो. घरी परतल्यावर त्या शिंप्याच्या बायकोचा निरोप आला, गुरुजींना उद्याही घेऊन या.